मोबाइल घराघरांत, शिक्षण कोणाच्या घरात?

डिजिटल शाळांच्या बाबतीत धुळे जिल्ह्याने राज्यात नाव कमावले, हे मान्य केलेच पाहिजे. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या घरातील शाळांमध्ये डिजिटल वर्ग उभे राहिले. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी सभा घेऊन हे काम पुढे नेले. त्यांनी पदरचा पैसा घातला. परंतु मोठा वाटा गावकऱ्यांच्या वर्गणीचा होता.

या प्रयत्नाचे मोल कमी नाही. परंतु सक्तीचे व मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी 2009 च्या कायद्याने सरकारवर टाकली असताना मोलमजुरी करणाऱ्यांच्या गावांनी वर्गणी का काढावी? कष्टकऱ्यांच्या घामातून जमलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडले होते. साधने बदलली, गाऱ्हाणे तेच राहिले.

तरीही शाळेतला पडदा हा सर्वांचा असतो. त्याच्यासमोर पाटलाचे आणि भिल्लाचे मूल एकाच रांगेत बसते. घरातला मोबाइल मात्र ज्याच्या खिशात पैसा त्याचा. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. शिक्षण कोणाचे सुरू होते? ऑगस्ट 2021 मध्ये ज्यां द्रेझ, रितिका खेरा आदींनी महाराष्ट्रासह 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी केवळ 8 टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि 37 टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. दलित-आदिवासी मुलांची स्थिती इतरांहून वाईट होती.

खानदेशात हे वेगळे असण्याचे कारण नाही. साक्री तालुक्यातील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. चाळीसगावच्या तांड्यांवरची बिऱ्हाडे कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. घरात एकच फोन, तो बापाजवळ, आणि बाप उसाच्या फडात. अशा मुलाने कोणते ॲप उघडायचे?

आता फोन बहुतेक घरांत पोहोचले, असे सांगितले जाते. परंतु ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात फोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयोगटातील मुलांपैकी 36.2 टक्के मुलग्यांजवळ स्वतःचा फोन आहे. मुलींमध्ये हे प्रमाण 26.9 टक्के आहे. म्हणजे जातीची उतरंड आहेच, तिच्यावर पुरुषसत्तेचाही थर आहे. शिवाय फोनवरचा धडा प्रमाण मराठीत बोलतो. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याशी मूल घरी पावरी किंवा भिल्ली बोलते. खाली तापीकाठी अहिराणी. या दोन भाषांमधला पूल शिक्षकच बांधू शकतो, यंत्र नव्हे.

नेमका तोच शिक्षक काढून घेण्याची तयारी दिसते. 2023 साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विषय पुढे आला. कमी पटाच्या शाळा म्हणजे पाडे, तांडे आणि वस्त्यांच्या शाळा. उद्या ‘शिक्षक नसला तरी टॅबलेट आहे’ असे सांगितले गेले, तर ती आधुनिकता नसून फसवणूक असेल.

मग फोन नाकारायचा का? मुळीच नाही. ज्ञानाचे प्रत्येक साधन आपल्या मुलांच्या हाती आलेच पाहिजे. परंतु ते साधन शाळेच्या मालकीचे असावे, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे मुलांना मिळावे. वीजबिल आणि इंटरनेटचा खर्च सरकारने द्यावा. धडे मुलांच्या बोलीत असावेत. आणि शिक्षकाची एकही जागा त्यासाठी कमी होऊ नये.

हे मागण्याची जागा कायद्यानेच दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे, असे 2009 चा कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. परंतु आपल्यापैकी किती जण तिच्या बैठकीला जातात? बाबासाहेब 1937 साली लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते, म्हणून दरवर्षी 31 जुलैला आपण तेथे मोठ्या संख्येने जमतो. तितक्याच निष्ठेने गावच्या शाळेच्या बैठकीलाही गेले पाहिजे. खानदेशातील कार्यकर्त्यांनी या वर्षी एवढे एक काम हाती घ्यावे.