अपयशाची पायरी म्हणे!

मंडळी, 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आता पुरे. २०० किलोमीटरची बीआरएम, मुदत साडेतेरा तास. दोनदा खंबाटकी घाटातच अंगातलं त्राण गेलं. पहिल्यांदा घरी सांगितलं, वारा उलटा होता. मामा म्हणाला, "पुढच्या वेळी जमेल." का जमेल? मी फक्त टायर बदलले होते!

दुसऱ्यांदा वही काढून सगळं लिहिलं, तेव्हा कळलं: कात्रजच्या चढावर इतरांच्या नादाने जोर काढला आणि पहिले तीन तास नुसतं पाणी प्यायलो. दोष वाऱ्याचा नव्हता, रिकाम्या पोटाचा होता. मग दर अर्ध्या तासाला चिक्की नाहीतर केळं. तिसऱ्यांदा १२ तास ४० मिनिटं.

मामा, रागावू नकोस. अपयश काही शिकवत नाही, शिकवतो तो हिशेब. असो.