सहा ग्रॅमच्या पुडीचे काय करायचे?

सोलापूर आणि नाशिक जिल्ह्यांतील डाळिंब बागायतदारांपुढे ‘तेल्या’ हा शब्द उच्चारण्याचीही सोय नाही. पानांवर आणि फळांवर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते आणि कर्ज काढून उभी केलेली बाग पावसाळ्याच्या एका झडीत हातची जाते. हा रोग बुरशीचा नव्हे, जिवाणूंचा आहे. त्यामुळे बुरशीनाशकाने भागत नाही, आणि शेतकरी कृषि सेवा केंद्रातून पांढरट भुकटीची एक लहानशी पुडी घेऊन येतो. पुडी सहा ग्रॅमची असते. तीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असते. ताम्रयुक्त औषधाबरोबर, लिटरला अर्धा ग्रॅम या मानाने ती फवारण्याचा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. पुडी दातांनी फाडली जाते, पिंपात ओतली जाते, काठीने आणि काठी नसेल तर हाताने ढवळली जाते, आणि रिकामी पुडी बांधावर किंवा पाटाच्या पाण्यात पडते. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले असून त्यात काही गैर आहे असे कोणी सांगितलेही नाही.

गैर काय आहे, हे समजण्यासाठी ही भुकटी मूळची कोठली हे आठवावे लागेल. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी शॅट्झ यांनी मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून वेगळे केले. क्षयावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. आपल्या देशात त्या काळी या औषधांचे मोल काय होते, याची साक्ष पुण्यातच आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने आणवावे लागले होते. गांधीजींच्या इच्छेमुळे ते टोचले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. अवघ्या दहा वर्षांनी, १९५४ साली, तेथून काही मैलांवर पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. शेतीसाठीची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी याच कारखान्याची. ज्या द्रव्यासाठी एके काळी विमाने धाडली जात, ते इतके स्वस्त आणि सुलभ झाले की आपण त्याला खताच्या पंक्तीस नेऊन बसविले. यशाची ही दुसरी बाजू लक्षात घेण्याची आपली तयारी नाही.

प्रथम हाताळणीचा विचार करू. प्रतिजैविकाची भुकटी ही मिठासारखी निरुपद्रवी वस्तू नव्हे. तिची धूळ नाकावाटे फुप्फुसात जाते, घामेजल्या कातडीवर बसते आणि काही माणसांच्या शरीरात तिच्याविषयी कायमचे वावडे निर्माण करते. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने तयार करणाऱ्या परिचारिकांच्या हातांना इसब होत असे, हे त्या औषधाच्या पहिल्या दशकातच दिसून आले होते. पेनिसिलिनच्या बाबतीत तर धोका एवढा मानला जातो की त्याचे उत्पादन इतर औषधांपासून वेगळ्या जागेत, वेगळ्या हवेच्या यंत्रणेत करावे लागते. दुसऱ्याच औषधाच्या गोळीत मिसळलेला त्याचा अंशही एखाद्याच्या प्राणाशी येऊ शकतो. कारखान्यात मुखपट्टी, हातमोजे आणि बंद यंत्रे यांचा आग्रह धरणारे शास्त्र बांधावर पोचेपर्यंत कोठे गळून पडते? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे पुरविण्याची तरतूद आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत अनेक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा ती तरतूद कोठे होती हे महाराष्ट्राने पाहिले. तेथे विष जहाल होते म्हणून बातमी झाली. भुकटीचा परिणाम मंद असतो, म्हणून तिची बातमी होत नाही, एवढाच फरक.

साठवणीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. या भुकट्या कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी टिकतात; ओल आणि ऊन हे त्यांचे वैरी. आपल्या घरांत मात्र औषधाची जागा स्वयंपाकघरातील फडताळावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर असते, आणि शेतघरात ती युरियाच्या पोत्याशेजारी असते. औषध जुने झाले की फार तर त्याचा गुण जातो, असा समज सुशिक्षितांतही आहे. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तो चुकीचा ठरला. दमट हवेत बिघडलेले टेट्रासायक्लिन घेतल्याने मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे १९६३ साली अमेरिकेत नोंदली गेली. तेव्हाच्या कॅप्सुलांतील पूरक द्रव्ये पुढे बदलली हे खरे. तथापि तपकिरी पडलेली भुकटी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून वापरणाऱ्याने हे ऐकून ठेवलेले बरे.

खरा पेच विल्हेवाटीचा आहे. इतर विष मातीत पडले तर ते विरते किंवा साचते. प्रतिजैविक मातीत पडले तर ते शिकवणी घेते. मातीत आणि गटारात असंख्य जिवाणू असतात. औषधाच्या अल्प मात्रेत दुबळे मरतात, तग धरणारे वाढतात, आणि तग धरण्याची ही विद्या ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊन टाकतात. काळ्या मातीतील चिकण कण टेट्रासायक्लिन घट्ट धरून ठेवतात, म्हणजे ते डोळ्यांआड होते, नाहीसे होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फळबागांत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे रोगजंतू १९७१ सालीच आढळले होते. त्या अनुभवापासून आपण काही घेतले नाही. केंद्रीय कृषि खात्याने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन शेतीतून टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याची अधिसूचना काढली ती डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. पण बंदी घालताना दुकानांच्या फळ्यांवर आणि शेतघरांच्या कोनाड्यांत उरलेल्या पुड्या परत कोणी घ्यायच्या, हा साधा प्रश्न अनुत्तरितच राहतो. रिकामी वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, धुवण नदीनाल्यात जाऊ देऊ नये, असे जुने नियम सांगतात. पाच एकरवाल्या शेतकऱ्याने वस्तीपासून दूर म्हणजे कोठे जायचे?

मात्र सगळा दोष बांधावर टाकणे हा अन्याय होईल. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे नव्वदेक औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्या ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, पर्यावरण मंत्रालयाने १२१ प्रतिजैविकांसाठी सांडपाण्यातील मर्यादा सुचविणारा मसुदा काढला. जगात असे धाडस कोणी केले नव्हते, म्हणून त्याचे कौतुकही झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यांतून गायब होत्या. उद्योगाचे म्हणणे ऐकू नये असे नव्हे. पण मर्यादा अव्यवहार्य होत्या तर व्यवहार्य मर्यादा घालायच्या होत्या, त्या मुळातच वगळणे हे उत्तर होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच या सांडपाण्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आपण ज्या वाटेने पुढे निघालो होतो तीच ती वाट.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या नावावर डाळिंबाची बाग नसेल. पण घरात लहान मूल असेल तर बाटलीच्या तळाशी कोरडी भुकटी असलेले, उकळून गार केलेले पाणी घालून तयार करायचे औषध फडताळावर असणार. ते आठवडाभरात संपवायचे असते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेली अर्धी बाटली मोरीत रिकामी होते. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये सतरा औषधे शौचकुपात ओतून नष्ट करावीत अशी यादी दिली. ती मुख्यतः अफूवर्गीय व तत्सम औषधांची आहे. प्रतिजैविक तीत एकही नाही. ‘सरकारच सांगते ओता’ अशी सोयीस्कर समजूत कोणी करून घेऊ नये.

मग ओतायचे नाही तर द्यायचे कोठे? रुग्णालयासाठी २०१६ चे नियम आहेत, पिवळी पिशवी आहे, दहनभट्टी आहे. औषध दुकानदारही मुदत संपलेला माल घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवितो. म्हणजे उलट दिशेने जाणारा रस्ता अस्तित्वात आहे. तो ग्राहकाच्या उंबऱ्यापर्यंत तेवढा आणलेला नाही. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरोघरची उरलेली औषधे गोळा करण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात निदान महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांना हे अशक्य नाही. औषधांच्या दुकानात एक कुलूपबंद पेटी, कृषि सेवा केंद्रात दुसरी, आणि त्या पेट्या महिन्यातून एकदा जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीकडे नेणारी गाडी, एवढीच ही मागणी आहे. खर्च उत्पादकांकडून घ्यावा. शेतकऱ्यासाठी पुडीवरील बारीक इंग्रजी अक्षरांच्या जागी ठळक मराठीत चार ओळी छापाव्यात: तोंडावर फडके बांधा, हातमोजे घाला, पुडी तीनदा धुऊन ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच घाला, रिकामी पुडी दुकानात परत करा. आणि डाळिंबाच्या हंगामापूर्वी तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याने दुकानांतील शिल्लक पुड्या मोजून त्यांचा हिशेब पंचायत समितीच्या फलकावर लावावा.