हातात काठी कशाला?

धडधाकट माणसाच्या हातात काठी दिसली की आपल्याकडे लोक दोनच गोष्टी विचारतात. शिरूरच्या बाजारात विचारतात, "गुडघा धरला का?" दौंड स्टेशनात ओळखीचं कुणी भेटलं की डोळे बारीक करून विचारतं, "कुणाशी वाजलंय का?" तिसरं कारण कुणाला सुचत नाही. सरकारलाही सुचलेलं नाही. सणवार, निवडणुका जवळ आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, भाले, सोटे, बंदुका यांच्या रांगेत लाठ्या-काठ्याही बसवलेल्या असतात. खाली बारीक अक्षरात सवलत असते, की शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी लागते त्यांना हा आदेश लागू नाही. म्हणजे काठीवाला एकतर दंगेखोर, नाहीतर दुबळा. नुसता चालणारा माणूस त्या कागदात कुठंच नाही.

पोलिसांना त्यांचं काम आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण रानात हा प्रश्नच कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात मोकळ्या वावरात मेंढरं बसवायला आलेला धनगर पाहा. काठी खांद्याला लागेल एवढी उंच. टोकावर दोन्ही तळहात, तळहातांवर हनुवटी, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवलेला. असा तो तासभर उभा राहतो, आणि त्याला खुर्ची दिली तर अवघडेल. त्याच काठीनं तो बाभळीच्या शेंगा पाडतो, चुकार मेंढरू वळवतो, कुपाटीचा काटा बाजूला सारतो. त्याला गुडघ्याचं कुणी विचारत नाही.

माझी काठी बोरीची आहे. शिरूर-न्हावरा रस्त्याच्या बाजूला एका बांधावर गावठी बोर माजली होती, बांध साफ करताना ती जाणारच होती. शेतकऱ्यानं थंडीत तोडली ते बरं झालं. पावसाळ्यातल्या लाकडात पाणी फार असतं आणि ते वाळताना चिरतं. पाणी सगळ्यात लवकर उडतं ते कापलेल्या टोकांतून, म्हणून दोन्ही टोकांना मेण फासलं आणि काठी सावलीत आडवी टाकली. पावसाळ्यात शिरूरच्या एका सुतारमामांना दाखवली. त्यांनी ती हातात तोलली, सालीला नख लावलं आणि परत दिली. "लय वली हाय. दिवाळी जाऊ द्या."

दिवाळी गेली. मग ती सरळ करायचं काम. चुलीतल्या निखाऱ्यांवर काठी फिरवत फिरवत तापवायची. जाळ लागू द्यायचा नाही, नुसती धग. लाकडाचे तंतू ज्या द्रव्यानं एकमेकांना चिकटून असतात ते लिग्निन उष्णतेनं मऊ पडतं. तेवढ्यात काठी झाडाच्या बेचक्यात अडकवायची, वाकाच्या उलट्या बाजूला दाबायची आणि थंड होईतो सोडायची नाही. लवकर सोडली की पुन्हा मूळपदावर. दोन वाक निघाले. मुठीखालचा तिसरा मी काढायला निघालो तर मामांनी हात धरला. "राहू द्या तेवढा. सरळच पायजे तर पाईप घ्या."

साल काढल्यावर फुटक्या काचेच्या धारेनं काठी खरवडली. हे मामांचंच शिक्षण. रंधा गाठीशी अडखळतो, काच गाठीवरून अलगद जाते, आणि केसासारखा बारीक कीस पायाशी पडत राहतो. आतलं लाकूड तांबूस निघालं. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात देऊन, पुन्हा पुन्हा. खोबरेल नुसतंच मुरतं आणि हाताला लागत राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं. (तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.)

लांबीचं एक माप सांगून ठेवतो, कारण दुकानातून आणलेली काठी बहुतेकांना लांब होते. पायात नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत काठी. आणि दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात. आपले निम्मे आजोबा उलट धरतात.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि तिथं काठीला गेल्या काही वर्षांत वेगळंच काम लागलंय. उसाला बिबट्यानं घर केलं. ऊस वर्षभर उभा, पाणी जवळ, पिल्लंही त्याच फडात. वीज रात्रीची असली की दारं धरायला माणसानं अंधारात जायचं. एकट्यानं जाऊ नका, हातात बॅटरी नि काठी ठेवा, आवाज करत चला, असं वनखातं सांगतं. कुणी काठीला घुंगरं बांधतं, कुणी मोबाइलवर गाणी लावतं. काठीनं बिबट्याला मारायचं नसतं. इथं माणूस आहे आणि तो उभा आहे, एवढं त्याला कळवायचं असतं; वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटतो. माणूस जेवढा ताठ, तेवढी काठी उपयोगाची.

गांधीजींना आपण उगाच म्हातारं करून टाकलंय, आणि त्यात पुतळ्यातल्या काठीचा मोठा वाटा आहे. 1930 साली दांडीला निघाले तेव्हा ते साठ वर्षांचे होते. 24 दिवसांत साबरमतीहून समुद्रापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या वर चालले, आणि बरोबरची तरणी पोरं मागं पडत. ती काठी त्यांना काका कालेलकरांनी दिली असं सांगतात. म्हणजे चालणाऱ्याला काठी देणारा माणूस आपल्या साताऱ्यातला निघाला.

शहरात माझ्या काठीची खरी अडचण फरशी. पितळी शेंबी मातीत छान रुतते, पण गुळगुळीत फरशीवर सटकते आणि टकटक ऐकून अख्खी बँक वळून पाहते. तेव्हा पुण्याला जाताना रबरी बूच लावतो. बूच लावलं की काठी औषधाच्या दुकानातली वाटते, हे मला बिलकूल आवडत नाही. पण पडण्यापेक्षा बरं.

परवा पुण्याहून दौंडच्या गाडीत काठी पाहून एका पोरानं उठून जागा दिली. नको म्हटलं तरी ऐकेना, बसलो. लोणी गेल्यावर त्यानं विचारलं, "काका, ही ऑनलाइन मिळती का?" बोरीची आहे, घरीच केली म्हणून सांगितलं. त्यानं हात लावून पाहिला, मुठीखालचा वाक चाचपला. मग म्हणाला, आमच्या आजोबांची एक आहे, माळ्यावर पडलीय, घुंगरांसकट. खाली काढ, म्हटलं, आधी नुसती पुसून घे, कीड लागलीय का बघ, तेल मग. आणि कापू नकोस. "लांब हाय ओ लय, माझ्या खांद्याला लागती," तो म्हणाला, आणि केडगाव आलं तसा उतरला.