तबकड्यांचा शोध आणि लहान गांवचा डीजे

'डीजे' हा शब्द उच्चारतांच आमच्या वाचकांपैकीं बहुतेक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. वरातींत अथवा मिरवणुकींत ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत, तिच्या दणक्यानें खडखडणारीं तावदानें, कानांत कापसाचे बोळे घालून बसलेले घरांतील वृद्ध व आजारी, हेंच चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढें उभें राहतें. आपल्याकडे तर माणसास सोडून त्या यंत्रासच 'डीजे' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. अशा स्थितींत एखाद्या मुलानें घरीं येऊन "मला डीजे व्हावयाचें आहे" असें सांगितलें, तर वडिलांनीं डोक्यास हात लावल्यास नवल नाहीं. तथापि ज्या शब्दाची आपल्याकडे एवढी दुर्दशा झाली, त्याचा मूळ अर्थ काय, आणि त्या अर्थास जागून लहान गांवांतील तरुणांनीं काय करून दाखविलें, याचा विचार केल्यास या छंदाविषयींचें आपलें मत पुष्कळ बदलेल, अशी आमची खात्री आहे.

'डीजे' म्हणजे 'डिस्क जॉकी', अर्थात् तबकड्या लावणारा. हा मनुष्य गात नाहीं, वाद्य वाजवीत नाहीं, कीं चालही बांधीत नाहीं. गाणें दुसऱ्याचें, वाद्य दुसऱ्याचें. त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तु आहे, ती म्हणजे निवड. कोणत्या घटकेस कोणतें गाणें लावावें व त्यामागून कोणतें, यांत त्याचें सारें कसब सांठविलेलें असतें. आतां जें गाणें प्रत्येकाच्या घरीं आहे तें लावण्यांत निवड ती कसली? निवडीस ज्ञान लागतें, आणि ज्ञानास शोध लागतो. म्हणून खरा डीजे हा आधीं शोधक असतो, वादक मागाहून.

याचें उत्तम उदाहरण उत्तर इंग्लंडांत घडलें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १९५९ सालीं बेरी गॉर्डी यांनीं 'मोटाउन' ही तबकड्यांची कंपनी स्थापन केली. तिला मोठें यश आलें. तें पाहून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया इत्यादि शहरीं अनेक लहान कंपन्या निघाल्या. कृष्णवर्णीय गायक-गायिकांचीं 'सोल' या प्रकारचीं जलद लयीचीं गाणीं त्यांनीं सात इंची तबकड्यांवर मुद्रित केलीं. ही तबकडी मिनिटास ४५ फेरे घेते व तिच्या प्रत्येक बाजूस एकच गाणें मावतें. यांपैकीं बहुसंख्य तबकड्या खपल्या नाहींत. त्या वखारींत धूळ खात पडल्या, आणि त्यांचे गायक दुसऱ्या पोटापाण्याच्या उद्योगास लागले.

इकडे लंडनची अभिरुचि १९७० च्या सुमारास पालटली होती. परंतु उत्तरेकडील गिरण्यांच्या व खाणींच्या गांवांतील कामकरी तरुणांस तीं जुनीं जलद गाणींच आवडत. डेव्ह गॉडिन नांवाच्या लेखकाचें लंडनमध्यें तबकड्यांचें दुकान होतें. फुटबॉलचे सामने पाहण्यास आलेले उत्तरेचे लोक दुकानांत येऊन नेमकीं हींच गाणीं मागतात, हें त्याच्या ध्यानीं आलें, आणि त्यानें या आवडीस 'नॉर्दर्न सोल', म्हणजे उत्तरेकडील सोल, असें नांव दिलें. पुढें विगन या गांवीं 'कॅसिनो' नांवाच्या जुन्या नृत्यगृहांत २३ सप्टेंबर १९७३ पासून ६ डिसेंबर १९८१ पर्यंत रात्र रात्र हा नाच चालला. नांवावरून वाटतो तसा तो जुगाराचा अड्डा नव्हता. आठवडाभर कारखान्यांत राबलेले तरुण दूरदूरच्या गांवांहून आगगाडीनें व बसनें तेथें येत आणि पहाटेपर्यंत नाचत.

आतां खरी अडचण पाहा. नाचणाऱ्यांस नवीं गाणीं हवीं. पण त्या पद्धतीचीं गाणीं होणें तर बंद झालेलें. मग नवें गाणें आणावयाचें कोठून? उत्तर एकच होतें: जें जुनें आहे, पण कोणीं ऐकलेलें नाहीं, तेंच नवें. या एका विचारानें लहान गांवांतील डीजे शोधास लागले. जुन्या बाजारांतील खोकीं, मोडीत निघालेलीं दुकानें, टपालानें येणाऱ्या विक्रेत्यांच्या याद्या, आणि पैसे साधले तर अमेरिकेंतील वखारी, असा त्यांच्या शोधाचा विस्तार होता. तबकडीच्या मध्यभागीं असलेल्या कागदी चकतीवरील बारीक अक्षरें वाचून, गीतकार कोण, वाद्यवृंदाची रचना कोणाची, हें ते पाठ करीत. गायक अपरिचित असला तरी रचनाकार ओळखीचा निघाल्यास तबकडी घ्यावी, असा त्यांचा हिशेब असे. खांचा संपल्यावर जी कोरी जागा उरते तींत कोरलेले वा छापलेले अंक पाहून मूळ तबकडी कोणती व मागाहून केलेली नक्कल कोणती, हेंही त्यांस कळूं लागलें. ज्यांनीं फारशी शाळाही पाहिली नव्हती, त्यांनीं अशा रीतीनें एका परदेशाच्या संगीताचा इतिहास स्वकष्टानें उभा केला, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

या कष्टाचें फळ कसें मिळालें याचीं दोन उदाहरणें पुरे आहेत. ग्लोरिया जोन्स या गायिकेचें 'टेंटेड लव्ह' हें गाणें अमेरिकेंत १९६५ सालीं प्रसिद्ध झालें व कोणाच्या लक्षांतही न येतां विसरलें गेलें. १९७३ सालीं अमेरिकेस गेलेल्या रिचर्ड सर्लिंग या इंग्रज डीजेनें त्याची एक तबकडी विकत आणली. तें गाणें उत्तरेच्या नृत्यगृहांत इतकें रुजलें कीं, 'सॉफ्ट सेल' या दोघा तरुणांनीं तें पुन्हां गाइलें, आणि १९८१ सालीं तें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. दुसरें उदाहरण फ्रँक विल्सन यांचें. १९६५ मधील त्यांच्या एका गाण्याच्या थोड्याशा नमुन्याच्या तबकड्या काढून कंपनीनें बहुतेक सर्व नष्ट केल्या. जी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नग उरली, तींतील एक २००९ सालीं २५,००० पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली. किंमतीचें आम्हांस एवढें कौतुक नाहीं. जगानें टाकून दिलेल्या वस्तूंत मोल होतें, आणि तें गिरणगांवच्या कानांनीं ओळखलें, याचें कौतुक अधिक आहे.

कोणी म्हणतील, "हा सर्व खटाटोप त्या काळीं ठीक होता. आतां मोबाइलवर बोट ठेवतांच हवें तें गाणें मिळतें. मग शोधावयाचें काय राहिलें?" हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाहीं. बोट ठेवण्यासाठीं गाण्याचें नांव तरी ठाऊक पाहिजे! आपण जें ऐकतों त्यासारखेंच आणखी पुढें करणें, ही त्या यंत्राची रीति आहे. जें आपल्या स्वप्नांतही नव्हतें तें तें क्वचितच हातीं देतें. शिवाय फुकट मिळालेलें गाणें आवडलें नाहीं तर आपण अर्ध्या मिनिटांत पुढें सरकतों. खाऊचे पैसे सांठवून घेतलेल्या तबकडीच्या मात्र दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि न आवडलेली बाजूही चार वेळां ऐकल्यावर पुष्कळदां आवडूं लागते. अभिरुचि वाढते ती अशी धीरानें.

तथापि त्या मंडळींचें सर्वच कांहीं अनुकरणीय होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. जागरणासाठीं उत्तेजक गोळ्या घेण्याचें व्यसन तेथें शिरलें होतें, आणि त्यानें कित्येक तरुणांचें नुकसान झालें. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मतें त्याचाच विचार विद्यार्थ्यांनीं विशेष करावा. आपणांस सांपडलेलें गाणें प्रतिस्पर्ध्यास कळूं नये म्हणून हे डीजे चकतीवर कागद चिकटवीत आणि गायकाचें खोटेंच नांव सांगत. जमेका बेटावरील किंग्स्टन शहरीं १९५० च्या दशकांत चकत्यांवरील अक्षरें खरवडून टाकण्याची चाल होती. तिचाच हा भाऊबंद. या चालीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें नव्हे. ज्यानें महिनोन्महिने धूळ चाळली, त्यानें आपल्या श्रमाचें फळ कांहीं काळ एकट्यानें चाखावें, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु विल्सन यांचें तेंच दुर्मिळ गाणें विगन येथें 'एडी फॉस्टर' या भलत्याच नांवानें वाजत होतें. ज्या गायकाचें गाणें एकदां कंपनीनें नष्ट केलें, त्याचें नांव दुसऱ्यांदा त्याच्या चाहत्यांनींच पुसलें! दुकान कोठलें, किंमत किती, हें खुशाल गुप्त ठेवावें. तें शोधणाऱ्याचें धन आहे. गाणाऱ्याचें नांव मात्र गाणाऱ्याचें आहे, तें लपविण्याचा अधिकार शोधणाऱ्यास नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नांवाचें हें महत्त्व आपल्या देशांतील एका गायिकेस पूर्वींच कळलें होतें. फ्रेड गैसबर्ग यांनीं नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात. तेथील कारागिरांस गायिका कोण हें कळावें म्हणून गाणें संपतांच त्या आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगत. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला. त्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख तर आपल्याच रानांतील झाडांवरची. मिरजेचे अब्दुल करीमखां, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे सूर एका बाजूस सुमारें तीन मिनिटें, या मर्यादेंत बसवून घरोघर पोंचले. त्यांबरोबर पोवाडे, भजनें व लावण्याही पोंचल्या.

म्हणून आमच्या गांवांतील मुलास डीजे व्हावयाचें असेल, तर त्यानें प्रथम मुंबईचा चोरबाजारही गांठण्याचें कारण नाहीं. आजोळच्या माळ्यावर, शेजारच्या आजोबांच्या कपाटांत, भंगारवाल्याच्या हातगाडीवर त्याचा शोध सुरू होऊं शकतो. तबकडी मिळाली कीं वहींत कंपनी, क्रमांक, गायक व ती कोणाकडे मिळाली हें लिहून ठेवावें; ती कोणीं व केव्हां घेतली होती, हेंही आदरानें विचारून घ्यावें. तबकड्या उभ्या ठेवाव्या, आडव्या रचूं नयेत. व्हिनाइलची तबकडी उन्हानें वांकते. लाखेची पडली तर फुटते, आणि तिला पुसण्यास स्पिरिट कधींही वापरूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खांच रुंद असते, म्हणून तिला सुईही निराळी लागते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, दिवाळीच्या साफसफाईंत जुन्या तबकड्या किलोच्या भावानें देण्यापूर्वीं घरांतील मुलास एकवार विचारावें. त्यास मोठे ध्वनिवर्धक घेऊन देऊं नयेत; पण त्यानें जमविलेल्या गाण्यांस अर्धा तास कान मात्र द्यावा. आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यास दाखविण्यासारखें कांहीं नसतें, तो आवाज वाढवितो. तुम्ही आवाज वाढवूं नका, शोध वाढवा. जें सांपडेल तें चार जणांस ऐकवा. आणि गाणें सुरू करण्यापूर्वीं गाणाऱ्याचें नांव, स्पष्ट व खरें, सांगत जा.