उडालेल्या पाखरांचा हिशेब

चांदूर रेल्वेहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मालखेड हे लहानसे स्थानक लागते. त्या परिसरातील तलाव पक्षिनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे चक्रवाक, पाण्यावर तरंगणारे काळे वारकरी, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली अशा पाखरांसाठी छंदिष्ट माणूस पहाटेची झोप मोडून अशा पाणवठ्यांकडे जातो. तो एकटा असला तर दोन तासांत त्याची वही भरते. बरोबर सहा वर्षांचे मूल असले म्हणजे मात्र सारेच पालटते. मुलाला भूक लागते, त्याची चप्पल चिखलात रुतते, दुर्बिणीतून त्याला पक्ष्याऐवजी स्वतःचीच पापणी दिसते आणि थवा नेमका जवळ येताच ते आनंदाने ओरडते. थवा उडून जातो. त्या क्षणी बापाच्या कपाळावर आठी पडते की नाही, यावरून त्याच्या वात्सल्याची पारख करावी.

आईबापांचा त्याग म्हटला की आपल्यासमोर पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी उभी राहते. तो त्याग थोर आहेच. परंतु कारकुनाच्या वा शिक्षकाच्या आठवड्यात स्वतःची म्हणावी अशी एखादीच सकाळ असते. ती मुलाच्या पावलाने चालण्यात घालविणे आणि आपल्या छंदाचा विचका होताना हसत राहणे, हाही त्यागच होय. त्याची पावती कोठेही मिळत नाही, एवढेच.

पावतीचा हा मोह आजकाल बळावला आहे. मुलाला रानात नेले की छायाचित्र हवे, ओळखलेल्या पक्ष्यांची यादी हवी, जमल्यास एखाद्या स्पर्धेचे प्रमाणपत्रही हवे. अशाने छंदाची शिकवणी होते आणि मूल रविवारीही परीक्षेला बसते. वरकरणी हे मुलासाठी चाललेले असते. वस्तुतः त्यात पालकाचीच हौस भागत असते.

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण येथे मननीय आहे. लहानपणीच पोरके झालेल्या या मुलाला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी मुंबईत वाढविले. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी मामांनाही ओळखता आली नाही. ते स्वतः शिकारी होते. काहीतरी सांगून वेळ मारून नेणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांच्याकडे पाठविले. आपले ज्ञान जेथे संपते तेथून मुलाला पुढे जाऊ देणे, हे निरपेक्ष प्रेमाचे दुसरे लक्षण होय.

वन खात्यातील नोकरीचा मोठा काळ विदर्भाच्या अरण्यांत घालविणारे मारुती चितमपल्ली (1932–2025) यांना झाडापाखरांची पहिली ओळख बालपणी आई व मामांकडून झाली. हे ‘आईकडून’ विसरता कामा नये. बापलेक रानात जातात तेव्हा पहाटे उठून डबा करणारी आई बहुधा घरीच राहते. रविवारी तर तिचे काम वाढते. तिच्या वाट्याची पहाट तिला मिळत नसेल, तर बापाचा त्याग अर्ध्याहून कमीच मानावा लागेल.

एवढे करून मूल पक्षितज्ज्ञ होईलच असे नाही. बहुतेक मुले होत नाहीत. बाराव्या वर्षी ते दुर्बीण बाजूला ठेवून चेंडूफळीमागे धावेल आणि पालकाला पुन्हा एकट्यानेच तलावावर जावे लागेल. त्यावेळी ‘तुझ्यासाठी इतके केले’ हे वाक्य ओठांवर न येणे, ही शेवटची आणि सर्वांत कठीण कसोटी. पेरलेले उगवेलच, ही खात्री वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही नसते; तरी तो पेरतो.

चितमपल्लींच्या 5 नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या 12 नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या निमित्ताने शाळांतून व्याख्याने होतात, फेऱ्या निघतात. ते योग्यच आहे. परंतु मुलाला व्याख्यानाहून अधिक गरज असते ती घाई नसलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाची. ती पुरविण्यास ना अनुदान लागते, ना परिपत्रक.