मीटर कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका ताईंनी विजेचे बिल आमच्यापुढे ठेवले. "दोन खोल्यांचे घर, मग एवढे बिल कसे?" हा त्यांचा सवाल. त्याच आठवड्यात गल्लीत कोणी सांगून गेला होता, "छपरावर सोलर बसवा, बिल शून्य, पैसे सरकार देते, आगाऊ रक्कम माझ्याकडे भरा." ताई बचतगटातून कर्ज उचलायच्या बेतात होत्या. आम्ही म्हटले, थांबा, आधी घर तपासू.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. ताईंचे दोन जुने पंखे ७५ वॅटचे, रोज १५ तास चालणारे. महिन्याचे ६८ युनिट तिथेच गेले. ६० वॅटचे दोन पिवळे दिवे रोज ५ तास, त्यांचे १८. फ्रिजचे अंदाजे ३०, टीव्ही-मिक्सरचे १०. झाले १२६. आपल्याकडे १०० युनिटांच्या पुढचा दर बराच चढा असतो. म्हणजे वरचे २६ युनिटच महाग पडत होते.

पिवळे दिवे काढून ९ वॅटचे एलईडी लावले तर १५ युनिट वाचतात. एका पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला तर आणखी २०. तो महाग असतो, पण एकेक करून बदलता येतो. एवढ्याने ताईंचा वापर ९१ वर येतो, शंभराच्या आत.

आमच्या भगिनींनी आणखी दोन गोष्टी घरी करून पाहाव्यात. घरातली सगळी बटणे आणि फ्रिज बंद करून मीटरचा लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा कोणी ओढते आहे; जाणत्या वायरमनला दाखवावे. दुसरे, फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर दाराचे रबर गेले असे समजावे.

आता अनुदान. २०२४ साली केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली. छपरावरच्या एक किलोवॅटच्या सोलरला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० असे तिचे अनुदान. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळे, उन्हाचे छप्पर लागते आणि त्यातून महिन्याला शंभरेक युनिट निघतात. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने त्यात स्मार्ट योजनेची भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी राज्याकडून १७,५०० रुपये. महिना १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००. जातीचा दाखला कपाटात नुसता ठेवू नका, तो अशा वेळी कामाचा असतो. योजनांच्या मुदती आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाआधी वीज कार्यालयात विचारून घ्या. केंद्राचे अनुदान काम पुरे होऊन तपासणी झाल्यावर थेट बँक खात्यात येते. गल्लीत आगाऊ रोख मागणाऱ्याला ते आणून देता येत नाही.

ताईंचे घोडे मात्र इथे अडले नाही. ते अडले मीटरच्या नावावर. बिलावर नाव सासऱ्यांचे, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. अर्ज जोडणी ज्याच्या नावे त्याच्याच नावे होतो. गेलेल्या माणसाच्या नावाने अनुदान कसे मिळणार? नऊ वर्षे बिल भरले ताईंनी, पण कागदावर त्या कुठेच नाहीत. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे देऊन नाव बदलता येते. घरात बोलून ते नाव बाईचे लावावे, असे आम्हांला वाटते. ताईंनी तसा अर्ज केला आहे.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना छप्परच आपले नाही. हे अनुदान त्यांच्यापर्यंत पोचत नाही, ही उणीव आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. ज्यांच्या इमारतीची नोंदणीकृत सोसायटी आहे, त्यांना जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांसाठी केंद्राच्या योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये ठेवले आहेत. तो विषय सोसायटीच्या बैठकीत काढावा.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे कामही त्यांच्याच खात्यात होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे त्यांनी १९४३ सालीच बजावले होते. आपण निदान आपल्या दारचे मीटर वाचायला शिकू या. आज रात्री बिल हातात घ्या आणि पहिल्यांदा नाव वाचा.