केवळ बहुमत म्हणजेच लोकशाही काय?

ज्या पक्षास अधिक मतें त्याचें राज्य, एवढीच लोकशाहीची व्याख्या कित्येक सुशिक्षित गृहस्थांच्या मनांत ठसलेली आम्हांस दिसते. मूलभूत हक्क म्हणजे राज्यकारभाराच्या वाटेंतील अडचण, असें ते समजतात. हें मत कितपत ग्राह्य आहे, याचा निर्णय तर्कापेक्षां इतिहासावरून करणें बरें.

२५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली, तेव्हां संसद कायम होती व सरकारपक्षाचें बहुमतहि निर्विवाद होतें. परंतु दोनच दिवसांनीं घटनेच्या १४, २१ व २२ या कलमांखालीं न्यायालयांत दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. विरोधी पुढारी तुरुंगांत पडले. वृत्तपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वीं तपासला जाऊं लागला. पुढें १९७६ मध्यें लोकसभेची मुदतच वाढविण्यांत आली. म्हणजे ज्या मतास सर्वस्व मानलें, तें देण्याचा दिवसहि लांबला! १९७७ च्या आरंभीं पुढारी सुटले, बंधनें सैल झालीं, तेव्हांच मार्चमधील निवडणुकींत लोकांस खरा निवाडा करतां आला.

न्यायासनावरहि बहुमत चुकूं शकतें. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं स्थानबद्धास अटकेविरुद्ध दाद नाकारली. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनीं विरुद्ध मत दिलें. जानेवारी १९७७ मध्यें त्यांस डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमलें गेलें, व त्यांनीं राजीनामा दिला. परंतु १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि अबाधित राहील असें ठरलें. आणि २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंच तो जुना निर्णय रद्द ठरविला. त्या चौघांत न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. तो रद्द ठरविणारें एक निकालपत्र त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलें. पुत्राकडून पराजय इच्छावा, असें आपले पूर्वज सांगत आले, तें अशा प्रसंगीं सार्थ वाटतें.

राज्याची गोष्ट कोणास दूरची वाटत असेल, तर त्यानें आपल्या घराकडे पाहावें. ज्या घरांत धाकट्या सुनेस ‘मला हें पटत नाहीं’ असें निर्भयपणें बोलतां येत नाहीं, तेथील एकमतास आम्ही एकमत म्हणणार नाहीं. तिच्या मौनास संमति समजून कर्त्या पुरुषानें स्वस्थ बसूं नये. जी गोष्ट घराची, तीच देशाची.